फी माफ झाली, खोलीचं भाडं कोण देणार?

‘सरकारच्या योजना ढिगानं पडल्यात, आपल्याच पोरांना शिकायचं नाही.’ धाराशिव जिल्ह्यातल्या कुठल्याही गुणगौरव समारंभाला जा, हे वाक्य स्टेजवरून ऐकू येतंच. दहावी-बारावीच्या मुलांच्या हातात ट्रॉफी, खांद्यावर शाल आणि समोर बसलेल्या आईबापांना फुकटचा सल्ला. बोलणारा बहुतेक वेळा पगारदार असतो, नाहीतर निवडणुकीच्या तयारीत असतो. ऐकणारे हमाल, गवंडी, बागवान, शिलाईवाले, टेंपोचालक. ते मान डोलावतात, कारण शाल आपल्या लेकीच्या खांद्यावर आहे आणि फोटो निघायचाय.

मला या वाक्याचा राग येतो तो हिशेबामुळे. दर वर्षी जूनपासून पुढचे तीन-चार महिने मी मोहल्ल्यातल्या मुलामुलींचे प्रवेशाचे आणि शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देतो. शिकायचंच नाही म्हणून थांबलेलं मूल मला क्वचित भेटलं. पैसा नाही म्हणून थांबलेली भेटतात. आणि पैसा मंजूर आहे, पण वेळेवर आला नाही म्हणून थांबलेली त्याहून जास्त भेटतात. स्टेजवरच्या भाषणात या तिसऱ्या गटाचा उल्लेखसुद्धा नसतो.

हिशेबच मांडू. एक मुलगी घ्या. वडील अडत बाजारात पोती उचलतात. पावसाळ्यात काम कमी, सोयाबीन आलं की जास्त. सरासरी महिना बारा हजार पडतात. वर्षाचे एक लाख चव्वेचाळीस हजार. मुलगी बारावी सायन्सला चांगल्या मार्कांनी पास झाली, सीईटी दिली, केंद्रीय प्रवेश फेरीतून छत्रपती संभाजीनगरला बी. फार्मसीला नंबर लागला. घरचे पिंजारी, म्हणजे ओबीसी. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली. चांगला निर्णय आहे, आणि मी तो मोहल्ल्यात दारोदार सांगितला. मग तिचे वडील मला म्हणाले, “भाई, फीस माफ हुई सो अच्छा हुआ. पन खोली का भाडा कौन देता? डब्बे के पैसे कौन देता?”

संभाजीनगरला तीन मुलींच्या खोलीत एका कॉटचे दोन हजार, मेसचे तीन हजार, पुस्तकं, झेरॉक्स, मोबाईलचं रिचार्ज, सणाला घरी येण्याचं एसटीचं भाडं मिळून आणखी हजार. कंजूषपणानं धरलेला हा आकडा आहे. महिना सहा हजार, दहा महिन्यांचे साठ हजार. घराच्या वर्षाच्या कमाईतले चाळीस टक्क्यांहून जास्त, तेसुद्धा एका मुलासाठी. मागे दोन भावंडं, आजीची औषधं आणि घराचं भाडं आहेच. फी शून्य झाली तरी हा आकडा एक रुपयानं हलत नाही.

मुलाचा हिशेब आणखी कडक आहे. अठरा वर्षांचा मुलगा बारावीनंतर चाकणला कंत्राटी कामाला लागला तर महिना चौदा-पंधरा हजार आणतो. म्हणजे बापाच्या कमाईहून जास्त. कॉलेजला गेला तर साठ हजार घरातून जातात आणि दीड लाख घरात यायचे राहतात. दोन्ही मिळून वर्षाला दोन लाखांच्या वर. तीन वर्षांच्या पदवीचे सहा लाख झाले, आणि त्यात फीचा एक पैसा अजून धरलेला नाही. ज्या घराचं वर्षाचं उत्पन्न दीड लाख आहे, ते घर हा निर्णय कसा घेत असेल? त्याला तुम्ही ‘शिक्षणाबद्दल उदासीनता’ म्हणता. मी त्याला गुणाकार म्हणतो.

आपल्या भागात या गुणाकाराला शेळीचा आधार असतो. उस्मानाबादी शेळी देशभर नावाजलेली जात आहे. जिल्ह्याचं नाव बदललं, शेळीचं अजून तेच आहे. दोन-चार शेळ्या दारात असणं म्हणजे गरिबाची एफडी. गेल्या काही वर्षांत बकरी ईद जूनमध्ये आली आणि प्रवेशाची गडबडही तेव्हाच, त्यामुळे बोकड विकून पहिल्या महिन्याचं भाडं आणि मेसचं डिपॉझिट भरलेली घरं मला माहीत आहेत. पण ईद दर वर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकते. ती मे, एप्रिल करत पुढे निघून जाईल आणि प्रवेश मात्र पावसाळ्यातच राहतील. ऑगस्टमध्ये बोकडाला ईदचा भाव कोण देणार?

तर पहिली गोष्ट ही, की आपल्या मुलांना विद्यापीठापासून लांब ठेवणारा खर्च बहुतांशी राहण्याचा, खाण्याचा आणि घराच्या बुडणाऱ्या कमाईचा आहे. शासनाच्या बहुतेक योजना मात्र फीभोवती फिरतात, कारण फी कॉलेजला देता येते, तिचं बिल असतं, ऑडिट होतं. भुकेचं बिल मिळत नाही.

आठ लाखांची मर्यादाही बघू. वर्षाला आठ लाख म्हणजे महिना सहासष्ट हजारांच्या वर. नीती आयोगानं २०१८ मध्ये देशातल्या मागे राहिलेल्या जिल्ह्यांची ‘आकांक्षित’ म्हणून यादी केली. महाराष्ट्रातले चारच जिल्हे त्यात होते: नंदुरबार, गडचिरोली, वाशिम आणि आपला उस्मानाबाद. अशा जिल्ह्यात महिना सहासष्ट हजार मिळवणारी घरं किती? आणि मुस्लीम मोहल्ल्यात किती? आठ लाखांच्या रांगेत महिना साठ हजारवाला आणि बारा हजारवाला दोघंही ‘आर्थिक दुर्बल’ म्हणून उभे राहतात. जागा आणि पैसा मोजका असेल तेव्हा पुढे कोण सरकतो? ज्याच्याकडे कागद तयार आहेत, घरात लॅपटॉप आहे, आणि ज्याला शिष्यवृत्ती उशिरा आली तरी चालतं, तो.

उशिराची ही बाब आपल्याच जिल्ह्यात एकदा देशाच्या चर्चेत आली होती आणि आपण ती विसरलो. तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा परिसर आहे. ‘टिस’ म्हणजे देशातली नामांकित संस्था, स्थापना १९३६ ची. तिथं मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला पात्र असलेल्या मागासवर्गीय विद्यार्थ्यांकडून आगाऊ पैसे घेत नसत. शिष्यवृत्ती सरकारकडून येईल तेव्हा संस्था वळती करून घ्यायची. ही सवलत आधी ओबीसी विद्यार्थ्यांची गेली, पुढे अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांकडेही वसतिगृह आणि भोजनाचे पैसे मागायला सुरुवात झाली. संस्थेचं म्हणणं, आमच्यावर आर्थिक बोजा पडतो. २१ फेब्रुवारी २०१८ ला मुंबई, तुळजापूर, हैदराबाद आणि गुवाहाटी अशा चारही परिसरांतले विद्यार्थी संपावर गेले.

लक्षात घ्या, शिष्यवृत्ती कोणी रद्द केली नव्हती. हक्क कागदावर जसाच्या तसा होता. फक्त ‘आधी तुम्ही भरा, मग सरकार देईल’ एवढाच बदल झाला, आणि तेवढ्यानं गरीब विद्यार्थ्याला दार बंद होऊ शकतं हे त्या मुलांना कळलं. विद्यार्थी संघटनेचं म्हणणं होतं की सवलत गेल्यानंतर ओबीसी विद्यार्थ्यांचं प्रमाण घटलं. तुळजापूरच्या माळावर दलित, आदिवासी, ओबीसी मुलं यासाठी उन्हात बसली होती. आपल्या किती संघटना पाठिंब्याला गेल्या? तो प्रश्न आपला होता. आपल्यातले तांबोळी, अत्तार, कुरेशी, बागवान, मोमीन, मणियार ज्या ओबीसी यादीत बसतात, तिचाच तो प्रश्न होता.

‘आधी भरा’ हा प्रकार साध्या कॉलेजातही रोज चालतो. प्रवेशाच्या वेळी पात्र विद्यार्थ्यांकडून माफ झालेली फी मागू नये, असे आदेश आहेत. तरीही एका कॉलेजात मी एका मुलीबरोबर गेलो तेव्हा खिडकीतला माणूस म्हणाला, “आता भरा, महाडीबीटीचे आले की परत घ्या.” परत कधी? पहिला हप्ता वर्ष संपता संपता, दुसरा पुढच्या वर्षी, असा माझ्या पाहण्यातला अनुभव आहे. तोवर हजार रुपयांना महिना तीस रुपये व्याजानं उचललेले पैसे वाढत असतात. हो, सावकाराकडून. सूद हराम आहे हे त्या बापाला तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. बँकेच्या शैक्षणिक कर्जाला ‘व्याज आहे’ म्हणून घरातले नको म्हणतात, आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात तोच माणूस मान खाली घालून खाजगी सावकाराच्या दारात उभा राहतो. यावर जुम्म्याच्या बयानात कोणी बोललेलं मी ऐकलं नाही.

कागदांचं तर काय सांगावं. ओबीसीचा दाखला हवा तर १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा रहिवास आणि जात दाखवणारा पुरावा लागतो. छप्परबंदांसारख्या विमुक्त जातींना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा. आपल्या आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरात जातीच्या रकान्यात मास्तरांनी सरळ ‘मुसलमान’ लिहून विषय संपवलाय. पिंजारी, तांबोळी, अत्तार हे गावाला माहीत असायचं, कागदाला नाही. त्यात हा निजामाच्या राज्यातला जिल्हा, जुनी महसुली दप्तरं उर्दूत. नातवाला उर्दू येत नाही, तलाठ्यालाही येत नाही.

२०२३ मध्ये मराठा आंदोलनानंतर सरकारनं न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली आणि मराठवाड्यातल्या निजामकाळातल्या नोंदींतून कुणबी नोंदी शोधायला सुरुवात झाली. दप्तरं बाहेर निघाली, उर्दू आणि मोडी वाचणारे शोधून आणले. शोधलं तर सापडतं, हे सरकारनंच सिद्ध करून दाखवलं. मग त्याच दप्तरांत पिंजारी, जुलाहे, बागवान, कुरेशी यांच्याही नोंदी असणार की नाही? त्या शोधायला समिती कुठं आहे? आणि सरकारला हे विचारायला आपलं शिष्टमंडळ तरी कुठं आहे? मराठा समाजातल्या गरीब मुलाला दाखला मिळाला याचं मला दुःख नाही. त्यांनी भांडून मिळवलं. आपण मागितलंसुद्धा नाही.

ज्यांची जात ओबीसी यादीत नाही, म्हणजे बरेचसे सय्यद, पठाण वगैरे, त्यांच्यासाठी २०१९ पासून ईडब्ल्यूएसचं दहा टक्के आरक्षण आहे. त्याचा दाखला काढायला आलेली मुलं मी बोटावर मोजतो. ‘वो अपने लिए नहीं, वो उन के लिए है,’ असं एका काकांनी मला ठामपणे सांगितलं. कुणासाठी, ते सांगितलं नाही. आणि शेख या एका आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगनं जेवढे अर्ज परत आलेत, तेवढे उत्पन्नाच्या अटीनंही आले नसतील. आधारवर एक, टीसीवर दुसरं, बँक पासबुकावर तिसरं. ज्यांच्या घरी पहिल्यांदाच कोणी बारावी होतंय, त्या घरात स्पेलिंगवर नजर ठेवणार कोण?

आता केंद्राकडे वळू. नोव्हेंबर २०२२ मध्ये अल्पसंख्याक विद्यार्थ्यांची पहिली ते आठवीची शिष्यवृत्ती बंद झाली, उरली फक्त नववी-दहावीची. डिसेंबर २०२२ मध्ये लोकसभेत सांगण्यात आलं की पीएचडी करणाऱ्यांसाठी २००९ पासून चालू असलेली मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप बंद केली जातेय. परदेशी शिक्षणाच्या कर्जावरचं व्याज भरणारी ‘पढो परदेश’ही गेली. व्यावसायिक शिक्षणासाठीच्या मेरिट-कम-मीन्स शिष्यवृत्तीची तरतूद २०२२-२३ मध्ये ३६५ कोटी होती, पुढच्या वर्षी ४४ कोटी. कारण काय दिलं, तर इतर योजनांशी ‘पुनरावृत्ती’ होते. पोटात एक घास आहे म्हणून दुसरा काढून घ्यायचा, त्यातलं हे तर्कशास्त्र. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात २०२०-२१ मध्ये मुस्लीम विद्यार्थ्यांची संख्या २१ लाखांवरून १९ लाख २१ हजारांवर आली. त्याच वर्षी देशातली एकूण विद्यार्थिसंख्या वाढली होती. करोनाचं वर्ष सगळ्यांनाच होतं, घसरण मात्र आपल्या वाट्याला आली. ज्यांच्या घरात साठवण नाही, ते पहिल्या धक्क्याला गळतात.

साठवण का नाही, हे तहसीलदाराच्या उत्पन्नाच्या दाखल्यावर दिसत नाही. दाखला एका वर्षाची कमाई सांगतो; घरात शेत आहे का, दुकान आहे का, आजोबांनी मागे काय ठेवलं, हे सांगत नाही. आपल्या जिल्ह्याचा इतिहास इथं आडवा येतो. १९४८ मध्ये रझाकारांनी केलेल्या अत्याचारांचा सूड पोलीस कारवाईनंतर ज्यांचा त्यात काही हात नव्हता अशा हजारोंवर उगवला गेला. सरकारनंच पाठवलेल्या सुंदरलाल समितीनं सर्वांत जास्त झळ बसलेले म्हणून जे चार जिल्हे नोंदवले, त्यात उस्मानाबाद होता. कमावते पुरुष गेले, दुकानं गेली, जमिनी हातच्या गेल्या. त्यानंतरची पिढी शून्यापासून नव्हे, शून्याच्या खालून सुरू झाली. हे उकरून कुणाचा द्वेष करायला मी सांगत नाही. फक्त ‘तुम्ही मागे का’ असं विचारणाऱ्याला एवढं माहीत असावं.

आरक्षणाचा मुद्दा मी टाळत नाही. महमूदुर रहमान अभ्यासगटानं २०१३ मध्ये अहवाल दिला, २०१४ मध्ये पाच टक्क्यांचा अध्यादेश निघाला, आणि उच्च न्यायालयानं त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये स्थगिती देताना शिक्षणातल्या पाच टक्क्यांना हात लावला नव्हता. न्यायालयानं उघडं ठेवलेलं दार सरकारनं कायदा न करून बंद केलं. ही लढाई सोडून चालणार नाही. पण उद्या ते पाच टक्के मिळाले तरी त्यातून सीट मिळेल, कॉट मिळणार नाही. साठ हजारांचा तो हिशेब तिथंच राहील. आपल्या सभांमधून आरक्षणावर तासभर बोलणाऱ्यांना मी वसतिगृहावर पाच मिनिटं बोलताना ऐकलेलं नाही.

महाराष्ट्राला हे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी समजलं होतं. शाहू महाराजांनी कोल्हापुरात जातीजातींची वसतिगृहं उभी केली आणि १९०६ मध्ये मुस्लीम बोर्डिंगही. खेड्यातल्या पोराला शाळेची फी अडवत नाही, त्याला शहरात रात्री झोपायला आणि दुपारी जेवायला जागा नाही, हे त्या राजाच्या लक्षात आलं होतं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातीधर्मांच्या मुलांचं बोर्डिंग चालवलं. ते चालवताना लक्ष्मीबाईंचे दागिने गेले. आज शाहू महाराजांच्या नावानं जी शिष्यवृत्ती आहे ती शिक्षण शुल्काची. राजानं बांधली वसतिगृहं, आपण त्याचं नाव दिलं फीच्या पावतीला.

तरी राहण्या-जेवण्याचा खर्च देणाऱ्या योजना अगदीच नाहीत असं नाही, आणि मुलामुलींनो, इथं जरा लक्ष द्या. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर भाड्या-जेवणाचे पैसे थेट खात्यात. त्याच धर्तीवर ओबीसी, विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आली. मोठ्या शहरांत वर्षाला साठ हजारांपर्यंत मिळतात, म्हणजे वर मांडलेला हिशेब जवळपास पूर्ण होतो. मुस्लीम ओबीसी तिला पात्र आहेत. अडचण एवढीच की एका जिल्ह्याला सहाशे विद्यार्थी. आठ तालुक्यांच्या जिल्ह्यात, सगळ्या ओबीसी-भटक्या जातींत मिळून सहाशे. वडील गवंडी, सेंट्रिंगवाले, रंगारी, फरशीवाले असतील तर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात त्यांची नोंदणी करा. पहिल्या दोन मुलांना पदवीसाठी वर्षाला वीस हजार, इंजिनीअरिंगसाठी साठ हजार, मेडिकलसाठी एक लाख मिळतात. नव्वद दिवसांच्या कामाचं प्रमाणपत्र लागतं. नोंदणीकृत मजूर किंवा अल्पभूधारक शेतकऱ्याच्या मुलांना डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. आपल्या मोहल्ल्यातले निम्मे बाप बांधकामावर आहेत आणि नोंदणी केलेले मला चार सापडले.

पण या सगळ्या योजनांनंतरही ज्या मुलीला बी. ए. किंवा बी. एस्सी. करायचं आहे तिचं काय? २०२४ ची माफी व्यावसायिक अभ्यासक्रमांची. खेड्यातून कॉलेजला येणाऱ्या मुलीचा एसटीचा मोफत अहिल्याबाई होळकर पास बारावीपर्यंतच. तेरावीच्या पहिल्या दिवशी ती सवलतीच्या पासावर येते, म्हणजे दरमहा पैसे मोजायला लागते. परंड्याच्या किंवा लोहाऱ्याच्या एखाद्या वाडीवरची मुलगी नेमकी इथंच थांबते. घरचे म्हणतात, इतकं शिकली, बस झालं. त्यांच्या ‘बस झालं’मध्ये थोडी परंपरा असते आणि पुष्कळ पासाचे पैसे.

म्हणून मागण्या नेमक्या असाव्यात असं माझं म्हणणं आहे. अडीच लाखांच्या आतल्या घरांची वेगळी रांग करा, आठ लाखांच्या गर्दीत त्यांना ढकलू नका. निर्वाह भत्त्याचा पहिला हप्ता प्रवेशाच्या महिन्यात द्या. सहाशेची मर्यादा काढा. मुलींचा मोफत पास पदवीपर्यंत न्या. निजामकाळातल्या दप्तरांत मुस्लीम ओबीसी जातींच्या नोंदी शोधा. यातली एकही मागणी फक्त मुसलमानांची नाही. शेवटची सोडली तर लिंगायत वाण्याच्या पोरीला, धनगराच्या, मांगाच्या पोराला ती तितकीच लागू आहे. उलट त्यांच्याबरोबर गेलो तरच ती ऐकली जाईल.

राहिले आपण. जिल्ह्याचं नाव काय असावं यावर आपल्या तरुणांनी गेल्या तीन-चार वर्षांत मोबाईलवर जितके तास घालवले, त्यातला दहावा हिस्सा जरी पिंजारी-तांबोळ्यांचे दाखले काढण्यात गेला असता, तर मला आज हा लेख अर्धाच लिहावा लागला असता. नावाचं दुःख मला आहे. पण कुठल्याही नावाच्या जिल्ह्यात पोरगी घरीच बसणार असेल तर भांडण कशासाठी चाललंय?

शेजारी बघा. तुळजाभवानी मंदिर संस्थाननं देवस्थानाच्या उत्पन्नातून तुळजापुरात इंजिनीअरिंग कॉलेज काढलं. त्यात आपलीही मुलं शिकली. राज्यातल्या वक्फ जमिनींचा मोठा वाटा मराठवाड्यात आहे, आणि वक्फ मंडळाचं कार्यालयही संभाजीनगरलाच. वक्फ कायद्यावरून मोर्चे काढले, काढायलाच हवे होते. पण ज्या गाळ्यांचं भाडं आजही शे-दोनशे रुपये आहे आणि जे आपल्याच पुढाऱ्यांच्या ताब्यात आहेत, त्यांच्याविरुद्ध मोर्चा कधी निघणार? त्या जमिनींवर संभाजीनगरात मराठवाड्यातल्या मुलींचं एक वसतिगृह, एवढं मागितलं तर कुणाचं वक्फ धोक्यात येतं?

आणि सूदच्या प्रश्नाचं उत्तर आपल्याच परंपरेत पडून आहे: कर्ज-ए-हसना. मुलाला खैरात नको असते. त्याची शिष्यवृत्ती मंजूर असते, फक्त आठ-दहा महिने उशिरा येणार असते. तेवढ्या काळासाठी बिनव्याजी तीस हजार द्यायचे आणि महाडीबीटीचे पैसे आले की परत घ्यायचे. पन्नास मुलांना पंधरा लाख लागतात, आणि ते पैसे बुडत नाहीत. पुढच्या जूनला दुसऱ्या पन्नास मुलांसाठी तयार असतात. आपल्या शहरात एका बऱ्यापैकी लग्नाच्या दावतीचा खर्च किती होतो ते तुम्हीच सांगा. मी दोन मशिदींच्या कमिट्यांकडे हा प्रस्ताव घेऊन गेलो. एकीनं ‘सोचेंगे’ म्हणून सांगितलं. दुसरीनं गुणगौरव समारंभासाठी प्रमुख पाहुण्याचं नाव सुचवायला सांगितलं.

पुढच्या वेळी मी पाहुण्याचं नाव सुचवणार नाही, यादी नेणार आहे. कोणाचा नंबर कुठे लागलाय, किती पैसे मंजूर आहेत, किती महिने अडकणार आहेत. नळदुर्ग, उमरगा, परंडा, कळंब इथल्या मुलामुलींनी आपापल्या मोहल्ल्याची अशीच यादी मेअखेर तयार ठेवावी. उर्दू वाचता येणारे निवृत्त मास्तर अजून प्रत्येक गावात एक-दोन आहेत. त्यांना घेऊन आजोबांच्या शाळेत आणि तहसीलच्या अभिलेख कक्षात जा, जुन्या नोंदीची नक्कल मागा, नकार दिला तर लेखी नकार मागा. उत्पन्नाचा दाखला एप्रिलमध्येच काढा. जूनमध्ये सेतूत रांग लागते आणि सर्व्हर बंद असतो.